पूनमचा दुसरा डोस

शुक्रवार, संध्याकाळ, लाखनी

पूनम आज आलीच! चौदा वर्षांची पोर, नागपूरहून एकटी बसनं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीचा दुसरा डोस घ्यायला.

पहिल्या डोसानंतर दोनच महिन्यांत घरच्यांना कामासाठी गाव सोडावं लागलं. मावशी याच आजारानं गेलेली, म्हणून आई माझ्यापुढे रडत होती, "सिस्टर, दुसरा आताच द्या ना." मी विरघळलेच होते. नर्स असून? हो. पूनमनंच अडवलं, "शाळेत तुमीच सांगतलं ना सिस्टर, सहा महिन्यांचं अंतर ठेवलं तं ताकद चांगली येते? मी येईन वापस."

आणि एकटी आली. त्या वयात माझ्यात एवढी हिंमत होती का? टोचून झाल्यावर तिनं माझ्या फोनवरून आईला कळवलं, "झालं, आई. आता झोपत जाय रात्री."