शूगली म्हणजे नेमकं काय

ग्लासगो, ९ नोव्हेंबर

प्रिय एली,

पत्र पोचलं. तुम्ही तिघं खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. मीही ठणठणीत आहे.

रॉसने शाळेत दात 'शूगली' झालाय म्हटलं आणि तिकडच्या बाईंना ओ की ठो कळलं नाही, हे वाचून मी एकटीच हसत बसले. नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नाही, पण माझा शब्द त्याच्या तोंडात आहे. त्याला सांग, शूगली म्हणजे डुगडुगणारं, आता पडेल की मग पडेल असं. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, 'शॉग' म्हणून जुना शब्द होता, म्हणजे हलवणं, हिसका देणं. त्यातून हा निघाला. असेल बाई. मला तो माझ्या आईकडून मिळाला. गोदीत माणसं कमी करायला लागले तेव्हा तुझे बाबा म्हणायचे, "इना, माझा कोट शूगली खुंटीवर आहे गं," म्हणजे नोकरी आता जाईल की मग जाईल, आणि वर चहा मागायचे.

बाकी नवीन काही नाही. जिना धुवायची पाळी मात्र माझ्याकडे येईनाशी झालीय. ज्याची पाळी त्याच्या दारावर अडकवायची ती पाटी, तू लहानपणी लपवायचीस ती, समोरच्या जेसीच्या दारावरून थेट वरच्या मजल्यावर जाते. मला वाटलं, विसरतात. परवा जेसीला गाठलंच.

"माझी पाळी गाळायला तुला कुणी सांगितलं गं?"

"बादलीसकट गडगडलीस तेव्हा उचललं कुणी?" ती म्हणाली. "आता गप घरात बस, म्हातारे."

तर मी पडले होते, सप्टेंबरात. तुला बोलले नाही. पाय शूगली झालेत माझे. वसंतात तळमजल्याची जागा मिळणार आहे, तेव्हा हे घर सोडायचं. त्याआधी रॉसने तुझ्या खोलीतल्या खिडकीत बसून माझ्या हातच्या बटाट्याच्या पोळ्या खाव्यात, असं फार वाटतं. तुझी फार आठवण येते, एली.

फोनवर तू दरवेळी विचारतेस, "आई, येऊ का?" आणि मी म्हणते, "कशाला उगाच, मी मजेत आहे." या वेळी विचारू नकोस. विचारलंस तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. सरळ ये.

आणि दार वाजवलंस की थांब जरा. मला उघडायला वेळ लागतो.

तुझी,
आई