नाटक चालेल, प्रार्थना नको

४ मार्च
चर्चच्या कमिटीचा निरोप आला. आमच्या नाटकाचा प्रयोग चर्चमध्ये करा, पण ढोल नको. आणि त्यात तमांडा पूर्वजांना हाका मारते तो नुसता अभिनय आहे, असं आधी सगळ्यांसमोर जाहीर करा. ही अट पप्पांनी सुचवलेली. गोऱ्यांच्या कमिटीवर ते एकटेच ब्राऊन, आणि सगळ्यात कडक तेच. डोकं फिरलं.

५ मार्च
तमांडाला सांगितलं. ती मक्याचं पीठ चाळत होती. मलावीत तिच्या घरचे हे पीठ झाडाच्या बुंध्याशी शिंपडून गेलेल्या माणसांशी बोलायचे. इथून, एडिनबराहून गेलेल्या पाद्र्यांनी ते बंद पाडलं, ढोलही. प्रयोग त्यावरच आहे. ढोल मी वाजवते.
म्हणाली, "अभिनय मी करतेच. पण माझी आजी खोटी आहे, असं नाही म्हणणार."
बास. मीही नाही.

८ मार्च
पप्पांकडे जेवण. अर्थात भांडण. मी विचारलं, जालन्यात पणजोबांना इथल्याच पाद्र्यानं याकोब केलं, त्याआधी त्यांना नाव नव्हतं का? पप्पा म्हणाले, त्या नावाला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. याकोबला शाळा मिळाली.
खरं आहे. तरी राग गेला नाही. मटण मात्र दोनदा घेतलं.

१२ मार्च
चर्चची चावी परत केली. प्रयोग बाहेरच्या फुटपाथवर, झाडापाशी, भर दुपारी, ढोलासकट. फुटपाथ सिटी कौन्सिलचा आहे, कमिटीचा नाही. कौन्सिल चालेल म्हणाली.

१५ मार्च
वारा इतका की पीठ नुसतं उडत होतं. बोटं गारठली, तरी वाजवलं. लोक थांबले. तमांडानं आजीला नावानं हाक मारली. मग वाडगा फिरवला. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्या, चिमूटभर पीठ टाका.
माझी पाळी. याकोब म्हणायचं नव्हतं, दुसरं नाव माहीत नाही.
पप्पा बसस्टॉपपाशी उभे. कधी आले कोण जाणे. मी वाडगा घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेले.
"नाव तुम्हाला माहितीये. सांगा."
"माहितीये. त्या नावानं लोक त्यांना शिवी दिल्यासारखी हाक मारायचे, रूथ."
"मग आपण नीट मारू."
बस आली, गेली. पप्पांनी उजव्या हाताचा हातमोजा काढला. पिठाकडे बघत राहिले. मी वाडगा खाली घेतला नाही.