ल्युसियेंची फिडल आणि एक कमी मात्रा

मी, ज्ञानेश्वर सखाराम बांदिवडेकर, वय ७९, निवृत्त फिटर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार सेम्बावांग, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो, की माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण कलम तीनमध्ये दिले आहे.

१. राहता फ्लॅट चिरंजीव प्रबोध यास द्यावा. मी जिवंत असतानाच त्याने दलाल आणून खोल्या मोजून घेतल्या, हे मी पाहिले होते, याची नोंद असावी.

२. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवताना खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरण्याची कॅनडातील क्वेबेक प्रांताची रीत आहे. माझ्या पायाखालची सागवानी फळी खालच्या मजल्यावरील मिसेस टॅन यांना द्यावी. "अंकल, युअर लेग व्हेरी नॉइझी ला!" असे त्यांनी अकरा वेळा वर येऊन सिंगापुरी इंग्रजीत सुनावले. फळी आता गप्प आहे, याची त्यांनी खात्री करून घ्यावी.

३. सन १९७९ मध्ये क्वेबेकच्या एका जहाजाची दुरुस्ती आमच्या यार्डात आठ महिने चालली. त्यावरील इंजिनिअर ल्युसियें याने मला फिडल शिकवली व जाताना स्वतःची मला दिली. त्याच्या लाडक्या धुनेच्या शेवटच्या ओळीत एक मात्रा कमी आहे. मी ती पंचेचाळीस वर्षे तशीच वाजवली.

गेल्या दिवाळीत नात गार्गी हिने ती मात्रा भरून धून वाजवली. मी फिडल तिच्या हातातून ओढून घेतली.

"आजोबा, नॉट फेअर ला! धून मूळची स्कॉटलंडची. तिथे मात्रा पुरी आहे. क्वेबेकवाल्यांनी गाळली, तेव्हा त्यांना कोणी ओरडलं का?"

मी "चूप" एवढेच म्हणालो. त्यानंतर तिने फिडलला हात लावलेला नाही. वर मी मागील मृत्युपत्रात अट घातली, की मात्रा न भरण्याचे लेखी वचन दिले तरच फिडल तिची.

वास्तविक ल्युसियेंनेच मला सांगितले होते, की ही धून त्याच्या पणजोबांनी स्कॉटिश शेजाऱ्याकडून नुसती ऐकून उचलली आणि मात्रा त्यांच्या घरात गळली. हे ठाऊक असून मी तिला सांगितले नाही. चूक माझी आहे.

सबब फिडल, गज व पेटी गार्गीस विनाअट. मात्रा भरावी, गाळावी, की आणखी एखादी घालावी, हा अधिकार तिचा.

४. माझ्या मरणाची वाट न पाहता कलम तीन आजच, सह्या होताच, प्रबोधने तिला वाचून दाखवावे. मला समोर बसवणार नाही. मी आतल्या खोलीत असेन. दार उघडे ठेवीन.

साक्षीदार, ज्यांस या कागदान्वये काहीही मिळणार नाही व तरीही आले:
अनिमेष करंदीकर (सही)
स्मिता वालावलकर (सही)

दोघांच्या देखत सही केली:
ज्ञानेश्वर सखाराम बांदिवडेकर

सेम्बावांग, सिंगापूर
९ मार्च २०२५