पावलांचा तक्ता मी काढून ठेवलाय

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी चालायला गेलो होतो. ती शिंपीणकाकूंच्या खिडकीशी गप्पा मारत थांबली आणि मी मनगटावरच्या घड्याळात पावलं बघत पुढे निघाले. "अगं, दमानं! तुला कुणी बक्षीस देणार आहे का?" ती मागून ओरडली. मी वळलेही नाही, कारण दहा हजारांना चारशेच कमी होती.

मी सावरावं म्हणून तुम्ही फ्रिजवर पावलांचा नवा तक्ता लावलात. रागावू नका, तो मी काढून ठेवलाय. चालायला मात्र रोज जाणार, अगदी आजपासून. किती चालायचं ते ठरवणार नाही. आईनं कधी ठरवलं नव्हतं, तरी घरी यायची ती किती ताजीतवानी होऊन, ते तुम्ही पाहिलंय.

जेवण झाकून ठेवलंय. आधी गोळी घ्या, "नंतर घेतो" नको. उद्या वाटलं तर तुम्हीही चला, कोपऱ्यापर्यंत का होईना.

तुम्ही झोपला होतात तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन मोठ्यानं बोलले, "आई, तुझ्याबरोबर चालायला मला फार आवडायचं."