डंक्यावरची तुळई

तळमजल्यावरचा गाळा आणि त्यामागची खोली, यांची पागडी कागदावर पस्तीस हजार आहे. खरी किंमत अशी: बायको कालिंदीच्या पाटल्या, पाटणकडची वडिलांची आंब्याची दोन झाडं, आणि थोरल्या भावाचं माझ्याशी बोलणं. झाडं विकली त्या दिवशी ते बंद झालं, आणि तो गेला तरी सुरू झालं नाही. पुढच्या वाटण्या वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

मी, रघुवीर धोंडू शेलार, वय एकाहत्तर, धंदा मसाला कुटण्याचा, राहणार लालबाग, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि कान पोरासोरांपेक्षा चांगले आहेत. कोणी रडून, दमदाटी करून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. भीती वाटते, हे खरं. पण भ्यालेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं, असं वकिलांकडून विचारून घेतलं आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवला तर खोटा समजावा.

कलम १. गाळ्यातला डंका, म्हणजे लोखंडी उखळ, वरून आपटणारी मुसळं, मोटर आणि पट्टा, हे सगळं माझी सून अनुजा हिला द्यावं. मुलगा दीपक याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला मिरचीच्या नुसत्या नावाने शिंका येतात. अनुजाला मी शिकवलं आहे की मसाला डोळ्यांनी बघायचा नसतो, ऐकायचा असतो. मिरची आधी खडखडते, मग कुरकुरते, आणि मुसळाचा आवाज गादीवर पडल्यासारखा आला की थांबायचं. गिऱ्हाईक बाई शेजारी स्टुलावर बसून असतेच. तिचा मसाला तिच्यासमोरच कुटायचा, आणि दुसरीचा घालण्याआधी उखळ पुसायचं. मालवणीत घाटी गेला किंवा घाटीत मालवणी, तर दोन्ही घरी जेवण बिघडतं.

कलम २. फळीवरच्या दोन चिनी मातीच्या बरण्या नात स्पृहा हिच्या. एक माझ्या कांदा-लसणाच्या मसाल्याची, दुसरी कालिंदीच्या मालवणी मसाल्याची. ती मालवणची, मी पाटणचा. लग्नाला दोन्हीकडून कोणी आलं नाही, आणि भांडण मात्र दोन्हीकडचं आमच्या घरात आलं. ती म्हणायची, "तुमच्या त्या तिखटात माशाचो जीव दुसऱ्यांदा जाता." मी म्हणायचो, "तुमच्या मसाल्यात मटण आजारी दिसतं." ती जाऊन वर्षं झाली. बरण्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवाव्यात, एवढीच अट.

कलम ३. बँकेतली ठेव दीपकची. पोस्टातलं स्पृहाच्या शिक्षणाला. त्यातून चाळीच्या गणपतीची वर्गणी दर वर्षी न मागता जावी. आमच्या मंडळाला मागायची सवय नाही, आणि आता लावू नये.

कलम ४. गाळा आणि खोली यांवरचा भाडेकरूचा हक्क कायद्याने चालत असेल तेवढा दीपकला. विकू नये. तो म्हणतो, "अप्पा, डोंबिवलीला या. मोकळं आहे." मोकळं कशापासून? दुपारी चिवडा गल्लीतून पोहे तळल्याचा वास येतो, त्यापासून? बाजारातली कोळीण मी न सांगता माझ्यापुरती मांदेली बाजूला ठेवते आणि वरून बोलते, "घाटी झाला म्हनून काय झाला, मासा कलतो याला," त्यापासून? संध्याकाळी नाक्यावर उभं राहिलं की गिरगावच्या मामलेदारी मराठीपासून वरळीच्या शिव्यांपर्यंत सगळं कानावर पडतं. दादरवाल्यांना वाटतं मुंबई त्यांच्यापासून सुरू होते. वाटू दे. मी तर इथे आल्यापासून दादरचा पूल ओलांडून पलीकडे एक रात्र झोपलेलो नाही. वाडीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं आहे आणि इथेही लिहितो: रघुवीर शेलार लालबागमधून निघेल तो चौघांच्या खांद्यावर. त्याच्या पायांना दुसरा रस्ता माहीत नाही.

कलम ५. दुसऱ्या मजल्यावरचे विकास परब, निवृत्त हेडक्लार्क, यांना काही देऊ नये. डंक्याच्या हादऱ्याने इमारत खिळखिळी होते, असे अर्ज हा माणूस वर्षानुवर्षं करतो आहे. मी त्याला भर जिन्यात म्हणालो होतो, "विकासशेठ, इमारत नाय हालत, तुमचे गुडघे हालतात." तो म्हणाला, "रघू, तुझे कान एवढे तिखट, मग वरची तुळई काय बोलते ते ऐक की कधी." मशीन चालू असताना कसं ऐकणार? आणि बंद असताना मी जेवायला बसलेला असतो.

इथवर लिहून कागद मी गणपतीच्या फोटोमागे ठेवला होता. पुढचं नंतर लिहिलं आहे. मागचं एक अक्षर खोडलेलं नाही.

कलम ६. मे महिन्यात स्पृहा सुट्टीला आली होती. कॉटन ग्रीनच्या राधाबाई स्टुलावर बसून आपला मसाला सांभाळत होत्या, आणि पोरगी त्यांच्या पायाशी वेलची सोलत होती. मसाला खालीवर करायला मी मोटर बंद केली. तेव्हा वरून आवाज आला. मोठा नाही. सुकं लाकूड कोणी हळूच, विचार करून मोडावं तसा. मग उखळातल्या लालभडक मसाल्यावर पांढरी भुकटी पडली, चिमूटभर.

राधाबाई म्हणाल्या, "अहो, हे काय पडलं? माझा मसाला बदला आधी."

मी म्हणालो, "राधाबाई, उठा. पोरीला घेऊन रस्त्यावर जा."

"पैसे दिलेत मी."

"जा म्हणतो ना."

माझा आवाज असा निघू शकतो, हे मला माहीत नव्हतं. स्पृहा वेलचीच्या ताटलीसकट पळाली. मी जिन्यावर उभा राहून मजल्यामजल्याला ओरडलो. कोणी विचारलं नाही काय झालं. लालबागमध्ये कोणी तसं ओरडलं की विचारत नाहीत, उतरतात. सगळ्यात शेवटी विकास आला, एका हातात बायकोचा हात, दुसऱ्यात शिट्टीसकट कुकर. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ऐकलंस?"

मी म्हणालो, "ऐकलं."

कलम ७. इमारत पडलेली नाही. उभी आहे, टेकू लावून, दाराला पालिकेचं सील मारून. डंका आत आहे, बरण्या आत आहेत, उखळात राधाबाईंचा मसाला तसाच आहे. हा कागद तेवढा विकासने एका अधिकाऱ्याशी गोड बोलून बाहेर काढून दिला. म्हणजे मी जे जे वाटतो आहे त्यातलं पोस्ट आणि बँक सोडून सगळं त्या तुळईखाली आहे. ती पडली तर कलम १, २ आणि ४ आपोआप रद्द समजावीत. मला भीती पडण्याची नाही. न पडता अशीच राहील आणि कोणी आत जाणार नाही, याची वाटते. बायका दुसरा डंका शोधतील. मग आमच्या गल्लीत कोण कुठलं, ते कोणाच्या नाकाला कळणार नाही.

सध्या निजतो तिथलं छत नवं आहे. कुठून काही आवाज येत नाही. मी तरी डोळे उघडे ठेवून वर बघत असतो, आणि भिंतीला हात लावून ठेवतो. दीपक म्हणाला, "अप्पा, हे सिमेंटचं आहे." मी म्हटलं, "तेही बोलतच असेल. मला अजून त्याची भाषा येत नाही." तो हसला. मी हसलो नाही.

कलम ८. मी जिथे कुठे मरेन तिथून मला गाडीत घालून लालबागला आणावं. इमारत असेल तर तिच्यासमोर, नसेल तर तिच्या जागेसमोर गाडी थांबवावी. तिथून पुढे खांद्यावर. राधाबाईंना त्यांच्या मसाल्याचे पैसे परत करावेत. त्या स्मशानातही मागायला येतील.

कलम ९. विकास परब यांना काही देऊ नये, हे कलम कायम. कारण बदललं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे बरं, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तोच हवा.

अंमलबजावणी अनुजाने करावी. वरील सर्व मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, आणि सही केली.

(सही) रघुवीर धोंडू शेलार

साक्षीदार:
१. विकास परब. हल्ली मुक्काम मेहुण्याकडे, विरार. माझ्यासमोर सही केली. अर्ज मी मागे घेतलेले नाहीत.
२. डॉ. सौमित्र गुप्ते. तपासलं. शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला, झोप अपुरी.

दिनांक: १९ जुलै २०२५

ठिकाण: डोंबिवली (पूर्व). शेलार इथे आपल्या पायांनी चालत आले.