पाचपैकी पाच

३ जून
आजपासून रोजनिशी. मन किती खंबीर आहे याची लेखी नोंद असावी म्हणून. ही जाऊन तीन महिने झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, एकदा रडून घ्या. म्हटलं, सवड मिळाली की बघू.

५ जून
क्लिनिकमध्ये एकाच पेशंटची मेमरी टेस्ट दोनदा घेतली. बावीस वर्षं हेच काम. पाच शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी विचारायचे. दुसऱ्यांदा त्याला जास्त मार्क पडले. म्हणजे त्याचा फायदाच झाला.

८ जून, सकाळी ७
चहात साखर दोनदा. चव कळली नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

९ जून
डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, मेंदूतल्या रसायनांचा खेळ असतो; सेरोटोनिनचं बिनसलं की मन बधिर होतं, लक्ष लागत नाही. असिटिलकोलिन कमी पडलं की विसरायला होतं. तुमचं काय ते बघू. हे मलाच सांगतात! पेशंटच्या घरच्यांना रोज मीच समजावतो. उद्या माझी टेस्ट. नापास झालो तर खुर्ची गेली. पण नापास कसा होईन?

१० जून
घोडा, चमचा, खिडकी, पिवळा, नदी. पाचपैकी पाच! बाई म्हणाल्या, ही यादी तुम्हाला पाठच आहे, उद्या नवी काढते. हा सरळ सरळ रडीचा डाव.

११ जून
नवी यादीही खडाखडा म्हणून दाखवली. साबण, चहा, काडेपेटी, लिंबू, दोरा. बाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, यातला एकही शब्द मी दिला नव्हता. स्वतःच विसरल्या असतील. कामाचा ताण फार आहे त्यांना.

१२ जून, दुपारी
आंघोळ करताना आठवलं. त्या दिवशी हिने सांगितलेलं सामान. चार वस्तू आणल्या, दोरा विसरलो. ही म्हणाली, राहू द्या, बसा आता. मी ऐकलं नाही, परत गेलो. आलो तेव्हा माझा शर्ट मांडीवर घेऊन ही खुर्चीत बसली होती. हाक मारली. ओ दिली नाही.

बाईंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, मला हा विसरण्याचा आजार वाटत नाही हो. रजा घ्या, गोळ्या सुरू करू. म्हणजे खुर्ची गेलीच.

रडू येत नाही. यावं असं फार वाटतं. तीन तारखेच्या नोंदीतला ‘खंबीर’ खोडला.

दोरा अजून पिशवीतच आहे.