माझ्या डोळ्यापायी

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद.

शस्त्रक्रियेनंतर माझा डोळा सुधारत आहे. नात वेळच्या वेळी थेंब घालते. तुझे गुडघे कसे आहेत?

नातीला नर्स म्हणून पहिलीच नेमणूक अतिदक्षता विभागात मिळत होती. शिकत असल्यापासून तिने तोच ध्यास घेतला होता. तरीही तिने बाह्यरुग्ण विभाग निवडला.

"तिथे रात्रपाळी नसते, आजोबा. तुम्हाला एकटं टाकून कुठे जाऊ?"

मी रागावलो, तर म्हणाली, "पेशंटनी गप्प बसायचं!"

मी इथे यायलाच नको होते. निवड बदलण्यास महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. म्हणून जन्मात प्रथमच तुला खोटे बोलण्याची विनंती करतो. तिला फोन करून सांग, "मला त्यांच्यावाचून करमत नाही, त्यांना पाठवून दे."

निघण्याच्या तयारीत असलेला,
तुझाच